कायदा बाईच्या नावानं, गदा बाईवरच

मध्यंतरी आमच्या जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांची एकत्र बैठक झाली. विषय होता अश्लील जाहिराती आणि मोबाईलवरून घरोघरी पोचलेली बीभत्स दृश्यं. चर्चा तापली, तापायलाच हवी होती. शेवटी ठराव आला : अश्लीलतेविरुद्धचा कायदा कडक करावा, शिक्षा वाढवावी, पोलिसांना जादा अधिकार द्यावेत. सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. शेजारच्या ताईंनी विचारलं, “म्हणजे तुला हे सगळं चालतं का गं?” तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

चालत नाही. चोरून केलेलं चित्रीकरण दाखवून धमकावलेल्या मुली वस्तीत काम करताना मी पाहिल्या आहेत. पण एका शाळेत पाळी आणि गर्भधारणेवरचा तक्ता मी भिंतीवर लावला, तेव्हा ‘असली घाणेरडी चित्रं इथे नकोत’ म्हणून तो मला गुंडाळायला लावला, हेही मी विसरलेले नाही. शब्द तोच. तो कोण वापरतो आणि कुणाविरुद्ध वापरतो, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या स्त्रियांनी या प्रश्नाची किंमत शंभर वर्षं मोजली. त्यांचा अनुभव आपण ठराव करण्याआधी वाचावा, असं मला वाटतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पहिली दुरुस्ती झाली. भाषणाचं आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य हिरावणारा कायदा काँग्रेसने करू नये, असं ती सांगते. ही हमी असतानाच १८७३ मध्ये त्याच काँग्रेसने अश्लील मजकूर टपालाने पाठवणं हा गुन्हा ठरवला. अँथनी कॉमस्टॉक या गृहस्थाने पाठपुरावा करून तो कायदा करवून घेतला, म्हणून त्याला कॉमस्टॉक कायदा म्हणतात. अश्लील गोष्टींच्या त्याच यादीत संततिनियमनाची साधनं, गर्भपाताची साधनं आणि ती कुठे, कशी मिळतील याची माहितीही घातली होती. कारण काय दिलं? तरुण पिढीचं आणि कुटुंबाच्या नीतीचं रक्षण. त्या काँग्रेसमध्ये एकही स्त्री नव्हती. अमेरिकन स्त्रीला मतदानाचा घटनात्मक हक्क मिळाला तो १९२० साली.

कॉमस्टॉकला टपाल खात्याने खास अधिकारी नेमलं. मग हा कायदा कुणावर चालला ते बघा.

आयडा क्रॅडॉक विवाहित जोडप्यांसाठी पुस्तिका लिहीत असे. पत्नीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर जबरदस्ती करू नये, हे ती नवऱ्यांना सांगत होती. तिला अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं. १९०२ मध्ये शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी तिने आत्महत्या केली.

मार्गारेट सँगर ही न्यूयॉर्कमध्ये गरीब वस्त्यांतून काम करणारी परिचारिका. ‘कॉल’ या समाजवादी वृत्तपत्रात ती मुलींसाठी शरीरविज्ञानाचं सदर लिहीत असे. १९१३ मध्ये तिने गुप्तरोगांवर लिहिलं आणि टपाल खात्याने आक्षेप घेतला. वृत्तपत्राने सदराचं नाव छापलं, ‘प्रत्येक मुलीला काय माहीत असावं’, आणि त्याखाली एवढंच : ‘काही नाही! टपाल खात्याच्या हुकुमावरून.’ बाकी जागा कोरी. १९१४ मध्ये तिच्या मासिकावर खटला भरला गेला. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिने बहीण एथेल बर्न हिच्यासह ब्रुकलिनमध्ये संततिनियमन केंद्र उघडलं. इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत पत्रकं वाटली, कारण वस्ती स्थलांतरित कामगारांची होती. बायकांनी रांगा लावल्या. थोड्याच दिवसांत पोलिसांनी केंद्र बंद केलं. इथे न्यूयॉर्क राज्याचा कायदा लावला होता, पण धाटणी तीच. दोघी बहिणींना तीस-तीस दिवसांची कैद झाली. एथेलने उपोषण केलं, तेव्हा तिला बळजबरीने अन्न घातलं गेलं.

सँगरबाईंनी पुढे सुप्रजननवाद्यांची बाजू उचलून धरली. कुणी मुलं होऊ द्यावीत आणि कुणी नाही हे वरून ठरवण्याचा तो विचार मला अजिबात मान्य नाही. २०२० मध्ये त्यांच्याच परंपरेतल्या संस्थेने न्यूयॉर्कच्या केंद्रावरचं त्यांचं नाव काढलं, ते योग्यच झालं. पण ज्यांची सगळी मतं आपल्याला पटतात त्यांनाच बोलू द्यायचं असेल, तर त्याला स्वातंत्र्य कशाला म्हणायचं?

तिसरी मेरी वेअर डेनेट. आपल्या दोन मुलांना लैंगिक जीवनाची ओळख व्हावी म्हणून या आईने एक पुस्तिका लिहिली. ती इतरांनाही उपयोगी पडू लागली. टपाल खात्याच्या माणसाने एका काल्पनिक बाईच्या नावाने ती मागवली आणि डेनेटवर खटला झाला. १९२९ मध्ये तिला तीनशे डॉलर दंड झाला. दंड भरणार नाही, तुरुंगात जाईन, असं तिने सांगितलं. १९३० मध्ये वरच्या न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली.

यातली कुणीही बाजारू चित्रं विकत नव्हती. बाजारू चित्रं विकणाऱ्यांवर कारवाया झाल्याही, पण त्या धंद्याकडे पैसा होता आणि छुप्या वाटा होत्या. पत्ता छापून, नाव लिहून उघडपणे पत्रक काढणारी बाई मात्र सहज सापडते.

मग ही बंधनं सुटली कशी? एकेक खटला लढवून. डॉ. हॅना स्टोन यांच्यासाठी जपानहून आलेलं साधनांचं पार्सल सरकारने अडवलं होतं. डॉक्टरांना ती मागवता येतील, असा निकाल १९३६ मध्ये लागला. १९६५ मध्ये विवाहितांना आणि १९७२ मध्ये अविवाहितांना संततिनियमनाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. कॉमस्टॉक कायद्यातून संततिनियमनाचा उल्लेख गेला तो १९७१ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांनी! आणि गर्भपातासंबंधीचा भाग आजही पुस्तकात आहे. २०२२ मध्ये गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण गेल्यावर, याच जुन्या कायद्याच्या आधारे गोळ्यांचं टपाल थांबवा, अशी मागणी तिकडे सुरू झाली. एकदा केलेला असा कायदा मरत नाही, तो वाट बघत पडून राहतो.

बैठकीतल्या ताईंची बाजू तिथेही मांडली गेली आहे, आणि ती हलकी नाही. कॅथरीन मॅकिनन आणि आंद्रिया ड्वॉर्किन यांनी म्हटलं, प्रश्न नीतीचा नाही, बाईला होणाऱ्या इजेचा आहे. त्यांच्या मसुद्यावरून १९८४ मध्ये इंडियानापोलिस शहराने नियम केला. त्यात पोलिसांपेक्षा भर होता तो बाईला स्वतः दाद मागता येण्यावर. न्यायालयांनी तो पहिल्या दुरुस्तीविरुद्ध म्हणून रद्द केला. त्या नियमाला अनेक स्त्रीवाद्यांनीच विरोध केला होता, कारण उद्या तो आपल्याच साहित्यावर उलटेल अशी त्यांना भीती होती. मला मॅकिननबाईंचं निदान पटतं. औषधाबद्दल मात्र मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची आहे.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. संबंध थेट आहे. हिक्लिन खटल्यात १८६८ साली इंग्लंडच्या न्यायाधीशांनी कसोटी घातली : ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडेल का? अमेरिकन न्यायालयांनी हीच कसोटी उचलली आणि १९५७ मध्ये टाकून दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९६४ मध्ये, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, स्वीकारली आणि २०१४ मध्ये सोडली. र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’साठी याच आरोपाखाली कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा चुकली नाही. आणि २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद झालं, ते ‘संस्कृती’च्याच नावाने.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा आपला कायदा काढून वाचा. पुस्तक किंवा पत्रक टपालाने पाठवण्यावरची बंदी त्यातही आहे. विज्ञान, कला, शिक्षण यांना सूट आहे, पण आपलं साहित्य त्या सुटीत बसतं हे सिद्ध कुणी करायचं? ज्याच्यावर खटला झाला त्याने. तक्ता गुंडाळणाऱ्या कार्यकर्तीकडे वकिलाचे पैसे असतात का?

म्हणून माझी सूचना आहे. ठराव करू या, पण ‘अश्लील’ हा शब्द गाळून. बघणाऱ्याला लाज वाटली का, ही कसोटी नको. बाईची संमती होती का, आणि तिला इजा झाली का, ही कसोटी हवी. चोरून चित्रण करणं आणि पाठलाग करणं हे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हे आहेत. त्यांची तक्रार ठाण्यात नीट लिहून घेतली जाते का, मुलीला उलट प्रश्न विचारून घरी पाठवतात का, यासाठी आपण भांडू या. बाईला हलकं दाखवणाऱ्या जाहिरातीवर आपणच बहिष्कार घालू, मोर्चा काढू, त्यावर लिहू. तेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे.

पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. ताई, तुमचा हात वर जाईल का ते कळवा. नाही गेला तरी वाद घालायला या. आपल्या सदराची जागा कोरी राहण्यापेक्षा त्यात आपली भांडणं छापलेली बरी.