दहावे नाव

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी तयार होतात. पत्रा कापणे, प्रेसखाली दाबणे, काठ वळवणे, पॉलिश करणे ही कामे निरनिराळ्या गाळ्यांत व ठेकेदारांकडे वाटून देता येतात. अशा विभागणीत कामगार कितीही असले, तरी एखाद्या हजेरीपटावर दहावे नाव चढू न देणे मालकाला अवघड जात नाही. सामाजिक सुरक्षेचे सारे मर्म या दहाव्या नावात दडलेले आहे.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा आला, १९५२ साली भविष्य निर्वाह निधी, १९७२ साली ग्रॅच्युइटी. आता नऊ कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि विमा व ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे दहा आणि निर्वाह निधीसाठी वीस कामगारांची अट तिनेही कायम ठेवली. उंबरठा तोच राहिला आणि बाहेर उभे असलेलेही तेच राहिले.

लहान उद्योगाला हे परवडत नाही, असे नेहमी सांगितले जाते. ते तपासून पाहावे. २०१९ पासून राज्य विम्याची वर्गणी मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. पंधरा हजार वेतनावर मालकाला सुमारे ४८८ व कामगाराला ११३ रुपये पडतात. त्यात कुटुंबाचे औषधपाणी, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आणि प्रेसखाली बोट गेले, तर तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के वेतन मिळते. सहाशे रुपयांत एवढे संरक्षण बाजारात मिळणार नाही. तेव्हा प्रश्न परवडण्याचा नाही.

प्रश्न टाळाटाळीचा आहे, तसाच दुर्बोधतेचाही आहे. निर्वाह निधीत मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनात व उरलेले निधीत जातात. त्याच्याच जोडीला १९७६ पासून एक विमाही आहे, ज्यासाठी कामगाराला काहीच भरावे लागत नाही. परंतु घरचा मिळवता गेल्यावर त्याच्या विधवेला हे सांगणार कोण? आधारवरील नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी हक्काचा पैसा अडकून पडतो. जो हक्क वाचता येत नाही, तो मागताही येत नाही.

यावरील तोड महाराष्ट्राने पूर्वीच काढलेली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाने कामगाराला मजुरी द्यावी आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा व उपचारांची तरतूद करावी, अशी ही साधी रचना आहे. मालक बदलला, तरी मंडळ बदलत नाही. एका मालकाकडे किती माणसे आहेत, हा प्रश्नच उरत नाही. थकीत लेव्हीचे व बनावट माथाडींचे दोष या व्यवस्थेत शिरले, हे खरे. पण ते देखरेखीचे दोष आहेत, तत्त्वाचे नव्हेत.

मीरा-भाईंदरच्या गाळ्यांसाठी असेच मंडळ शासनाने स्थापावे. मालकाला एक चलन आणि कामगाराला मराठी-हिंदीत एक खातेपुस्तक, एवढ्याने भागेल. नऊ कायद्यांची एक संहिता करणाऱ्या शासनाला तिचे एक पान कामगाराच्या हाती देणे अशक्य नाही. प्रश्न आहे तो इच्छेचा, आणि ती इच्छा संघटित दडपणाखेरीज कोणत्याही शासनात उत्पन्न झालेली नाही.