सेफ्टी पिन, तीन कॉर्ड आणि बोम्मनहळ्ळीच्या बायका

आपल्याकडे सेफ्टी पिन बाईच्या बांगडीत राहते. चपलेचा अंगठा तुटला, पोराच्या चड्डीचं बटण गेलं, ऐन लग्नात निऱ्या सुटल्या, की कोणाच्या तरी हातातून पिन निघणारच. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसानं १८४९ साली तिचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. पुढे सव्वाशे वर्षांनी हीच पिन न्यूयॉर्क आणि लंडनच्या पोरांनी फाटक्या शर्टावर मिरवली, आणि ती एका संगीताची खूण झाली. त्या संगीताचं नाव पंक.

या सदरात मी बहुतेक वेळा कपड्यांवर लिहिते. आज माझ्या दुसऱ्या वेडाबद्दल लिहायचं आहे. खरं तर माझ्या लेखी ही दोन वेडं वेगळी नाहीतच.

पंक म्हणजे नेमकं काय?

सत्तरच्या दशकात रॉक संगीत फार भारी झालं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, महागडी वाद्यं, स्टेडियमएवढे कार्यक्रम. साध्या घरातल्या पोराला वाटावं, हे आपल्याला कधी जमायचं नाही. अशा वेळी न्यूयॉर्कमध्ये रमोन्स नावाचा चौघांचा बँड आला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत, आणि सगळी मिळून अर्ध्या तासात संपतात. तीन कॉर्ड, वेगवान ठेका, बस्स. त्याच सुमारास लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश उभे राहिले. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर. त्याच्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा!

या सगळ्यांचे कपडे आले कुठून? लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरच्या दुकानात व्हिव्हियन वेस्टवूड शिवत बसायची. ती आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि शिवणकाम बरंचसं स्वतःच्या हातानं शिकली होती. शिवण उलटी बाहेर काढायची, कापड मुद्दाम फाडायचं, पिना लावायच्या, शर्टावर हातानं अक्षरं लिहायची. त्या कपड्यांचं म्हणणं एवढंच होतं : विकत घ्यायला पैसे नाहीत, तर आम्ही घरी करू, आणि लपवणारही नाही.

छापण्याचंही तेच. १९७६-७७ मध्ये लंडनची पोरं टाइप केलेली, फोटोकॉपी काढलेली मासिकं वाटायची. एका अंकात तर गिटारच्या तीन कॉर्डची चित्रं काढून वाचकाला सांगितलं होतं, की आता जा आणि स्वतःचा बँड काढ. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढत होते. प्रकाशक विचारत नाही ना, मग आपणच छापू!

माझी सगळ्यात लाडकी पंक गायिका म्हणजे पॉली स्टायरीन. वडील सोमाली, आई ब्रिटिश. दातांना तारा, अंगात भडक रंगाचे कपडे. गाण्यांचा विषय काय, तर प्लास्टिक, जाहिराती आणि खरेदीचं वेड. १९७८ साली! पुढे ती हरे कृष्ण पंथात गेली. तिच्याकडे बघून मला सोळाव्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, की चारचौघींसारखं दिसलं नाही तरी चालतं.

काळ्या टी-शर्टचं शहर

मी बंगळुरूला आले ती नोकरीसाठी. बॅगेत चार सलवार-कमीज आणि एक डबा भरून कॅसेट. हे रॉकचं शहर, हे ऐकून होते. ते खरंच निघालं, पण इथलं प्रेम मेटलवर. १७ मार्च २००७ ला पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजवायला आले, तेव्हा सगळीकडून काळे टी-शर्ट शहरात उतरले होते. ३० ऑक्टोबर २०११ ला त्याच मैदानावर मेटालिका. पंकवाले त्या मानानं मूठभर. मुंबईत द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड असे बँड झाले. इथे मात्र एखाद्या पबमध्ये दहा-पंधरा डोकी जमली तरी आम्हाला जत्रा भरल्यासारखं वाटायचं.

पण कपड्यांच्या वेड्या माणसाला या शहरानं काही कमी केलं नाही. चिकपेटेत रेशमाचे तागेच्या तागे, कमर्शियल स्ट्रीटवर लेस-बटणांची दुकानं, आणि जागोजागी एक्स्पोर्ट सरप्लसचे गाळे. परदेशी पाठवायच्या मालातून उरलेले किंवा नापास झालेले कपडे तिथे लागतात. कॉलरमागचं लेबल बहुधा कात्रीनं कापलेलं असतं. मी वर्षानुवर्षं तिथे ढीग उपसले. एका बाहीची शिवण अर्धा इंच तिरकी गेली म्हणून नापास झालेला शर्ट मी आजही घालते. ती तिरकी शिवण बघितली की वाटतं, हे शिवताना कोणाची तरी मान अवघडली होती, किंवा घड्याळ पुढे पळत होतं.

फाटकी जीन्स कोण फाडतं?

गेल्या महिन्यात भाची रमोन्सचा टी-शर्ट घालून आली. मी खूश! "कुठलं गाणं आवडतं गं?" तर म्हणाली, "मावशी, हा बँड आहे? मला वाटलं ब्रँड आहे." टी-शर्ट मॉलमधला. खाली गुडघ्यावर फाटलेली जीन्स, तीही नवीकोरी.

तिला मी रागावले नाही. त्या बँडचे मूळचे चौघेही आता हयात नाहीत. त्यांची गाणी ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांचं चिन्ह अंगावर घालणारे जास्त असतील. पण त्या जीन्सबद्दल आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून कोणाला तरी ती पॉलिश पेपरनं घासावी लागते, भोक पाडावं लागतं, धागे ओढावे लागतात. तुर्कस्तानात हे काम वाळूचा फवारा मारून करायचे. ती धूळ छातीत जाऊन तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, काही जण दगावले, आणि २००९ साली तिथल्या सरकारनं त्या पद्धतीवर बंदी आणली. ज्या फाटक्या कपड्यानं एकेकाळी 'आमच्याकडे पैसे नाहीत' असं उघड सांगितलं, तोच आता पैसे मोजून घेतो आपण, आणि दुसऱ्याच्या फुफ्फुसावर.

"मग मी काय घालायचंच नाही का?" भाची म्हणाली. घाल की! मी फक्त विचारते, शिवलं कोणी ते माहीत करून घ्यायला काय हरकत आहे? आणि ते माहीत करून घ्यायला बंगळुरूइतकं सोयीचं शहर नाही.

खरं पंक मी रस्त्यावर पाहिलं

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मेट्रो बोम्मनहळ्ळीवरून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाते. डब्यात लॅपटॉपवाले असतात. खाली होसूर रोडच्या आजूबाजूला कपड्यांचे कारखाने आहेत. या शहरात लाखो माणसं तयार कपडे शिवतात, त्यात बहुतेक बायका. तिथे एक बाई पूर्ण शर्ट शिवत नाही. एक फक्त कॉलर लावते, दुसरी कफ, तिसरी खिसा. तासाला अमुक नग, असं टार्गेट.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं प्रॉव्हिडंट फंडाचा नियम बदलला. मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ वर्षांचं होईपर्यंत काढता येणार नव्हती. नोकरी सुटली की पीएफ काढायचा आणि मुलीची फी, सासूचं औषध, घराचं डिपॉझिट भागवायचं, असा या बायकांचा हिशेब. पंचवीस-तीस वर्षं थांबायचं कसं? १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या बायका मशीन सोडून रस्त्यावर आल्या. त्यांच्यापुढे कोणी मोठा पुढारी नव्हता. बातमी फोनवरून, तोंडोतोंडी पसरली, आणि दुसऱ्या दिवशी पीण्या, जालहळ्ळी, तुमकूर रोडपर्यंत हजारो जणी बाहेर पडल्या. लाठ्या चालल्या, दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या. तेही सांगायलाच हवं. १९ एप्रिलला सरकारनं आधी नियम लांबणीवर टाकला आणि मग तो मागेच घेतला.

देशभरातल्या पगारदारांना, म्हणजे तुम्हा-आम्हालाही, त्याचा फायदा झाला. आपल्यापैकी कितीजणांना आठवतं, की तो कपडे शिवणाऱ्या बायकांनी मिळवून दिला?

पंकची गाणी ऐकत मी मोठी झाले. "आम्हाला कोणी विचारत नाही, तर आम्ही स्वतःच बोलू," हे त्या गाण्यांनी मला शिकवलं. ते प्रत्यक्षात पाहिलं ते त्या दोन दिवसांत. बायका होत्या साध्या सुती साडीत नाहीतर चुडीदारात, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र.

गोधडीवाल्यांना हे नवं नाही

१ एप्रिल २०२५ ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी वेस्टवूडच्या फॅशन हाऊसचा भारतातला पहिला शो झाला. ती स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये गेली. शोमध्ये खादी होती, चंदेरी होती. मला गंमत वाटली. हातानं केलेलं कापड सत्तेला उत्तर देऊ शकतं, हे आपल्याला लंडनहून शिकायचं नव्हतं. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पुढे घरोघरी चरखा आला. आजही आपला तिरंगा ज्या खादीचा होतो, ती इथून काही तासांवर, हुबळीच्या बेंगेरीत शिवली जाते. आणि पंढरीच्या वाटेवर ज्यांचे अभंग आपण गातो, ते नामदेव महाराज शिंप्याच्याच घरचे.

शिवाय आपली गोधडी! आजीची नऊवारी, बाबांचा लेंगा, पोराचा शाळेचा शर्ट, सगळं एकावर एक, आणि वर धावदोरा. ठिगळ लपवायचं नाही, उलट रंगसंगती साधून लावायचं.

तर येत्या रविवारी घरातल्या पोरांना घेऊन एवढं करून बघा. फाटलेली एखादी जीन्स किंवा दप्तर काढा. जुन्या कपड्याचा तुकडा भोकापेक्षा दोन बोटं मोठा कापा, आतून लावा, कडेनं टाचण्या टोचा आणि गोधडीसारखा धावदोरा घालत जा. दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या. टाके वाकडे येतील, येऊ देत. मागे रमोन्स लावलात तर अर्ध्या तासात ठिगळही होईल आणि अल्बमही संपेल.

भाचीनं तिच्या जीन्सला माझ्या जुन्या इरकलीचा तुकडा लावला. शिवताना चार वेळा सुई टोचली, तशी म्हणाली, "मावशी, एका जीन्सला एवढं, तर कारखान्यात दिवसभर काय होत असेल गं?"

तिला मी शर्ट उलटा करून दाखवला आणि शिवणी मोजायला बसवलं. तुम्हीही मोजून बघा. कॉलर, खांदे, बाह्या, कफ, खिसा. प्रत्येक शिवणीमागे एक बाई आहे.