मागच्या सीटवरची बाई

लोअर परळच्या चाळींत बैठकीला गेले की दारातल्या मोटरसायकली बघते. हँडलला हेल्मेट एकच. त्याचं. मागे बसणारीलाही हेल्मेट हवं, असं १९८८चा मोटार वाहन कायदा सांगतो. मुंबईत पोलिसांनी त्यासाठी कारवाई मनावर घेतली २०२२ साली! एकीला विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, इथल्या इथे तर जायचं असतं.’ एका अंगाने बसून, पदर सावरत, मांडीवर पोर घेऊन! पदर-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, धरायला दांडी, हे १९८९च्या नियमांत आहे. पण लायसन्सच्या परीक्षेत तो एकट्यानेच आठचा आकडा काढतो. मागे माणूस असताना ब्रेक कसा लावायचा, ते कधी शिकायचं? आमच्या जिवावर? परीक्षा मागे माणूस बसवूनच घ्या, असं निवेदन आरटीओला द्यायचं आहे. मैत्रिणींनो, सह्यांना या.