आपला म्हणून, की पारखून?

एप्रिल २०२० मध्ये मी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन येथे, धाकट्या भावाकडे अडकून पडलो होतो. गेलो होतो तीन आठवड्यांसाठी. परंतु मार्चअखेर विमानसेवा बंद झाली आणि मुक्काम जूनपर्यंत लांबला. इकडे बडोद्यात माझे बालरुग्ण आणि नवजात शिशुविभाग, आणि तिकडे मी भावाच्या दिवाणखान्यात निरुपयोगी बसलेला! अशा मनःस्थितीत २३ एप्रिलच्या संध्याकाळी सोळा वर्षांच्या पुतण्याने मला बळेच टीव्हीसमोर बसवले. "काका, आज ड्राफ्ट आहे. सिनसिनाटीचा पहिला नंबर आहे आणि ते जो बरोला घेणार. आपल्या ओहायोचा आहे तो!"

'आपल्या ओहायोचा' हे शब्द ऐकून मला हसू आले. आजोबांपासून बडोद्यात राहणाऱ्या घराण्यातील हा मुलगा ओहायोला किती सहजपणे 'आपले' म्हणत होता! पण त्याच्या त्या वाक्याने मनात एक प्रश्न सोडला, तो आजतागायत गेलेला नाही. निवड करताना 'हा आपल्या गावचा' या भावनेला स्थान असावे काय, आणि असल्यास किती?

प्रथम हा ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगणे अगत्याचे आहे. तेथील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा तो खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. महाविद्यालयीन खेळाडू व्यावसायिक संघात जाताना स्वतः संघ निवडत नाही. संघ त्याला निवडतो. मागील हंगामात जो संघ तळाला गेला, त्याला पहिली निवड मिळते. आपल्या वैद्यकीय प्रवेशप्रक्रियेच्या हे बरोबर उलट आहे. आपल्याकडे सर्वाधिक गुणांचा विद्यार्थी सर्वप्रथम महाविद्यालय निवडतो. तेथे सर्वांत दुबळा संघ सर्वप्रथम खेळाडू निवडतो. श्रीमंत आणि विजयी संघच सगळे गुणी खेळाडू ओढून नेत असत, म्हणून फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही पद्धत सुचवली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला.

या पद्धतीत गावाला अधिकृत स्थान नाही. पण गावाचा मोह मात्र जुना आहे. १९५९ च्या अखेरीस नव्याने उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगने आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये प्रत्येक संघासाठी त्याच्या परिसरातला एकेक नामवंत खेळाडू राखून ठेवला होता. हेतू सरळ होता. ओळखीचा चेहरा पाहायला लोक तिकीट काढून येतात.

आता त्या संध्याकाळकडे वळू. साथीमुळे तो सोहळा घरोघरच्या कॅमेऱ्यांवरूनच पार पडला. जो बरो आपल्या आईवडिलांसह ओहायोतील अथेन्स गावाजवळच्या घरात बसला होता, आणि अंगातील सदऱ्यावर ओहायोचा नकाशा व तेथील दूरध्वनी क्षेत्राचा ७४० हा क्रमांक होता. काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च असा हाइसमन पुरस्कार स्वीकारताना त्याने आपल्या जिल्ह्यातील दारिद्र्याविषयी आणि शाळेतून घरी गेल्यावर ताटात फारसे काही नसणाऱ्या मुलांविषयी सांगितले होते. त्या भाषणानंतर अथेन्स परगण्यातील अन्नपेढीकडे पाच लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या. बालरोगतज्ज्ञ म्हणून सांगतो, मुलांच्या भुकेवर आम्ही डॉक्टर परिसंवाद भरवतो. या तेवीस वर्षांच्या मुलाने दोन-चार वाक्यांत जे साधले ते आमच्या परिसंवादांना साधलेले नाही.

मग सिनसिनाटी बेंगल्सने त्याला गावचा म्हणून घेतले काय? माझे स्पष्ट मत आहे की नाही. २०१९ च्या हंगामात १६ पैकी अवघे २ सामने जिंकलेल्या या संघाला चांगल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे खेळाचा सूत्रधार असणाऱ्या खेळाडूची, नितांत गरज होती. त्याच वर्षी बरोने ६० टचडाऊन पासचा तेव्हाचा विक्रम करून लुइझियाना राज्य विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. तो अलास्काचा असता तरी त्यालाच घेतले असते. किंबहुना गावाने त्याला आधी ओळखलेच नव्हते. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संघात तो २०१५ पासून होता. पण तेथे मुख्य जागा काही मिळेना, म्हणून २०१८ मध्ये तो लुइझियानाला गेला. परक्या राज्याने संधी दिली, तेव्हा घरच्या राज्याला तो 'आपला' वाटू लागला.

आपल्याच माणसाला न ओळखण्याची याहून ठळक उदाहरणे पेन्सिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहराने दिली आहेत. जॉनी युनायटस हा तिथलाच मुलगा. पिट्सबर्ग स्टीलर्सने १९५५ मध्ये नवव्या फेरीत त्याला निवडले आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच निरोप दिला. तो त्याच शहरातील एका हौशी-व्यावसायिक संघात सामन्यामागे ६ डॉलर घेऊन खेळत राहिला. पुढल्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला बोलावले, आणि १९५८ व १९५९ ही दोन्ही अजिंक्यपदे त्याने बाल्टिमोरला मिळवून दिली. १९८३ मध्ये पुन्हा तेच घडले. डॅन मरिनो पिट्सबर्गमध्ये जन्मला, तिथल्याच विद्यापीठाकडून खेळला. त्याचे शेवटचे वर्ष थोडे फिके गेले होते. स्टीलर्सची पाळी २१ वी होती आणि तोवर मरिनो उरलेला होता; तरी त्यांनी दुसऱ्यालाच घेतले. २७ व्या क्रमांकावर मायामीने मरिनोला उचलले, आणि १९८४ मध्ये एका हंगामात पाच हजार यार्डांहून अधिक पास देणारा तो पहिला खेळाडू ठरला.

या गोष्टी वाचताना मला आपल्या व्यवसायातील एक जुना अनुभव आठवतो. आई मुलाला रोज पाहते, म्हणूनच त्याचे हळूहळू मंदावत गेलेले चलनवलन, कोरडी पडलेली कातडी, खुंटलेली उंची तिच्या नजरेत भरत नाही. सुटीत आलेली मावशी मात्र दारातच विचारते, "अगं, याला झालंय तरी काय?" थायरॉइडच्या कमतरतेची किती तरी निदाने अशा मावश्यांनी केलेली आहेत! जो डॉक्टर त्या मुलाला जन्मापासून पाहतो, त्याचीही गत आईसारखीच होते. म्हणून तर आपण वाढीचा तक्ता ठेवतो. तक्त्याला माया नसते, आणि सवयही नसते.

परंतु म्हणून जवळीक निरर्थक ठरत नाही. कुटुंबाचा जुना डॉक्टर पूर्वेतिहास जाणतो, आणि पूर्वेतिहासावाचून तपासणी अपुरीच असते. लीगच्या नियमातही याची सोय दिसते. प्रत्येक संघाला ड्राफ्टपूर्वी ३० उमेदवारांना आपल्या मुख्यालयात बोलावून भेटता येते. परंतु आसपासचे, स्थानिक खेळाडू या तिसांत मोजले जात नाहीत. म्हणजे गावच्या मुलाला अधिक वेळा आणि अधिक जवळून पाहता येते. माझ्या मते गावच्या नात्याचा न्याय्य लाभ एवढाच. नात्याने दार उघडावे, अधिक माहिती द्यावी. निकाल मात्र तपासणीने द्यावा.

यावर कोणी म्हणेल, 'डॉक्टर, गावचा माणूस टिकतो, त्याचे काय?' हा आक्षेप खरा आहे. १९८३ मध्ये जॉन एलवेने बाल्टिमोरला आणि २००४ मध्ये ईलाय मॅनिंगने सॅन दिएगोला जाण्याचे साफ नाकारले होते. निवडलेला माणूस यायलाच तयार नसेल तर निवडीला अर्थ काय? उलट बर्नी कोसार हा ओहायोतील यंगस्टाउन परिसरातला मुलगा. त्याला क्लीव्हलंड ब्राउन्सकडूनच खेळायचे होते. १९८५ मध्ये नियमातील वाट शोधून तो मुख्य ड्राफ्टऐवजी पुरवणी ड्राफ्टमध्ये उतरला, आणि क्लीव्हलंडने त्याला घेतले. त्याने संघाला तीनदा परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. पुढे १९९३ मध्ये त्याच संघाने त्याला भर हंगामात काढून टाकले, आणि १९९६ मध्ये मालकांनी अख्खा संघच बाल्टिमोरला हलवला. मुलगा गावासाठी आला होता. संघ मात्र गाव सोडून गेला. तेव्हा निष्ठेची अपेक्षा करायची तर ती दोन्ही बाजूंनी हवी. शिवाय लक्षात घ्यावे की येथे ओढ कोसारने स्वतः बोलून दाखवली होती. ती इतरांनी त्याच्यावर लादलेली नव्हती.

हे लिहिताना माझे मलाच ओशाळल्यासारखे होते, कारण मी याच्या उलट वागलो आहे. २०१७ मध्ये एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात नवजात शिशुविभागासाठी डॉक्टर निवडायचा होता. निवड समितीत मी होतो. दोन उमेदवार उरले. एक आपल्याच समाजातला, बडोद्यात वाढलेला. शाळकरी वयात तो माझा रुग्ण होता. दुसरी आसामची मुलगी, जिचा नवजात शिशूंचा अनुभव त्याच्या दुपटीने होता. मी म्हणालो, "ती काही इथे राहायची नाही. आपला मुलगा टिकेल." माझा शब्द मानला गेला. चौदा महिन्यांनी तो परदेशी गेला. त्याचा मला राग नाही. त्याला बडोद्यात राहायचे आहे का, हे मुलाखतीत आम्ही विचारलेच नव्हते; त्याच्या वतीने आम्हीच ठरवून टाकले होते. त्या मुलीलाही विचारले नव्हते. त्यानंतर कित्येक महिने रात्री आलेली कमी वजनाची बाळे आम्हाला दुसरीकडे पाठवावी लागली. रुग्णवाहिकेतील ती मिनिटे बाळाला कशी जातात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

अखेर तो विभाग दोन तरुण डॉक्टरांनी सांभाळला. एक केरळचा, दुसरी बिहारची. २०२० च्या त्या भयंकर महिन्यांत, गावचा म्हणवणारा मी तेरा हजार किलोमीटरवर बसून फुटबॉलचा ड्राफ्ट पाहत होतो, आणि माझ्या गावची बाळे ती दोघे सांभाळत होती. 'टिकणे' म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवले.

आपण बडोदेकर मराठी माणसांनी तर हे विसरू नये. १८७५ मध्ये या संस्थानासाठी राजा शोधला गेला, तेव्हा नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा एक मुलगा येथे आणला गेला. गायकवाड कुळाच्या नात्याने त्याला दारापर्यंत आणले. पण नात्यातले इतरही उमेदवार होते, आणि पाहूनपारखून निवड त्याची झाली. त्याचे सयाजीराव महाराज झाल्यावर त्यांनी माणसे निवडली तीही गाव पाहून नव्हे. बंगालचे अरविंद घोष आणि रमेशचंद्र दत्त येथे आले. ग्रंथालये उभारायला अमेरिकेतून बोर्डन आले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही असेच बाहेरून आले आणि बडोद्याचे झाले. ज्यांना या शहराने परके असताना आपले म्हटले, त्यांनीच आज 'आपला कोण' याची चाळणी लावावी, हे शोभणारे नाही.

आज आपल्या मंडळातील अनेक ज्येष्ठ सभासद वारस शोधत आहेत. कोणी दवाखान्याला, कोणी रुग्णालयाला. मुले पुण्याला, परदेशी स्थिरावली आहेत. माझी नम्र सूचना एवढीच. गावच्या मुलाला अवश्य बोलवा, त्याला चार वेळा अधिक भेटा, आणि त्याला इथे राहायचे आहे का हे त्याच्याच तोंडून ऐका. मग त्याच्या शेजारी परगावचा उमेदवार उभा करा आणि दोघांना एकाच तक्त्यावर मोजा.

जो बरोच्या संघाने जानेवारी २०२२ मध्ये ३१ वर्षांनी बाद फेरीचा सामना जिंकला आणि पुढल्याच महिन्यात अंतिम सामना तीन गुणांनी गमावला. पुतण्याचा त्या रात्री फोन आला होता; आवाज रडवेला होता. मी म्हटले, "अरे, तुमचा ओहायोचा मुलगा हरला म्हणून वाईट वाटतंय ना?" तो म्हणाला, "काका, तो ओहायोचा आहे म्हणून नाही. तो चांगला खेळला म्हणून." सोळाव्या वर्षी 'आपला ओहायोचा' म्हणणारा मुलगा अठराव्या वर्षी एवढा शहाणा झाला होता. मला तेवढे शहाणपण यायला पन्नाशी ओलांडावी लागली.