रेनडिअरची वाट आणि खाणीचा परवाना

उत्तर स्वीडनमधील योकमोकजवळ, गालोक येथे लोहखनिज काढण्याची सवलत तेथील सरकारने मार्च २०२२ मध्ये दिली. रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या हितासाठी कडक अटी घातल्याचेही सांगितले. अशा अटींची भाषा प्रशासनात वावरलेल्याला परिचित असते. बहुधा निर्णय आधी ठरतो, अटी मागाहून सुचतात.

येथील रेनडिअर हिवाळ्यात अरण्यातील दगडफुलासारख्या लायकेनवर जगतात आणि उन्हाळ्यात डोंगराकडे सरकतात. खाणीचे क्षेत्र लहान असले, तरी मधली वाट तुटल्यास दोन्हीकडची कुरणे एकमेकांना पारखी होतात. भरपाईच्या हिशेबात ही हानी बसवायची कशी?

जानेवारी २०२० मध्ये स्वीडनच्याच सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या सामी पशुपालक संघाचा शिकार व मासेमारीच्या परवान्यांवरील हक्क पुरातन वहिवाटीच्या आधारे मान्य केला होता. वहिवाटीला एवढे मोल असेल, तर चराईबाबत सरकारचा हात इतका मोकळा कसा?

आदिवासींविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ स्वीडनने स्वीकारलेला नाही, आपणही नाही. तरी आपल्या २००६ च्या वनाधिकार कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क नमूद आहे. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही सभांनी नकार दिला. गालोकच्या सामींचाही विरोध नोंदवला गेला. त्याला नकाराधिकाराचे बळ मात्र नव्हते.