पॉडकास्ट मुलांचा की शाळेचा?

आमच्या मुलीच्या शाळेनं (कर्वेनगरातलीच आहे, नाव घेत नाही) गेल्या महिन्यात पॉडकास्ट काढला. विषय 'पाण्याचे महत्त्व'. स्क्रिप्ट बाईंनी लिहिली, पाठांतर आम्ही पालकांनी करून घेतलं, मुलांनी घडाघडा म्हटलं. शेवटी शाळेचं नाव आणि 'प्रवेश सुरू आहेत'. एका मुलाला मात्र आयत्या वेळी बाजूला बसवलं, कारण तो 'आनि', 'पानी' म्हणतो. अख्ख्या वर्गात रोज सकाळी उठून हंडे भरणारा बहुधा तो एकटाच. पाण्यावर बोलायला त्याच्याइतकं लायक दुसरं होतं कोण?

मी पॉडकास्टच्या विरोधात नाही. उलट शाळेत तो हवाच. आवाजावर शिकवणं काही आजचं नाही. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवायचे, तेव्हा प्रश्न विचारून रेडिओ थांबायचा आणि वर्गातली मुलं मोठ्यानं उत्तर द्यायची. सगळी गंमत त्या थांबण्यात होती. आपल्याकडे कुणी थांबतच नाही.

'शुद्ध बोलता आलं नाही तर पुढे मुलांचंच नुकसान', असं एक पालक मला म्हणाले. प्रमाण भाषा शिकवा ना, कोण नको म्हणतंय? पण स्वतःचा आवाज परत परत ऐकून मूल जेवढं शिकतं, तेवढं बाजूला बसून शिकतं का? आणि हे घडतंय कुठे, तर कर्वेनगरात! १९०० साली कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांचा आश्रम आणला. त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं 'माझे पुराण' काढून बघा. बाया सांगत गेल्या, कावेरी कर्वे यांनी ते लिहून घेतलं. आधी तुमचे उच्चार सुधारा असं त्यांना कुणी म्हटलं असतं, तर ते पुस्तक झालं असतं का?

मग मुलांनी करायचं काय? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तेव्हा १० वर्षांचं असलेलं माणूस आज ७५ च्या आसपास आहे. अशी आजी-आजोबा मंडळी आपल्या सोसायट्यांत, वस्त्यांत अजून आहेत, पण आणखी किती वर्षं? आठवीच्या मुलांनी साधा मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसावं. प्रश्न मुलांचे. एक आजी म्हणतील पाणी सकाळीच आलं, दुसऱ्या म्हणतील छे, दुपारी. मग पोरं जुनी वर्तमानपत्रं शोधतील, भांडतील, तासाभराच्या गप्पांतली दहा मिनिटं ठेवतील. कुठली ठेवायची हे ठरवताना जो इतिहास कळतो, तो २० मार्कांच्या पेपरात कळत नाही. (स्टुडिओ, भाड्याचे माइक वगैरे काही लागत नाही. पंखा बंद केला की झालं.)

आणि हे यूट्यूबवर टाकायची घाई कशाला? वर्गात स्पीकरवर ऐकवा, आजींना घरी जाऊन ऐकवा. लहान मुलांचे आवाज म्हणजे शाळेची जाहिरात नव्हे.

शनिवारी पालकसभा आहे. स्क्रिप्ट बाईंनी लिहायची नाही, उच्चारावरून कुणाला वगळायचं नाही आणि रेकॉर्डिंग प्रवेशाच्या जाहिरातीत वापरायचं नाही, या तीन गोष्टी मी लेखी मागणार आहे. सोबत येणाऱ्यांनी खाली लिहा. घरात पूर पाहिलेलं कुणी असेल, तर त्यांना मुलांशी बोलायला आवडेल का, तेवढं विचारून ठेवा.