टँकर पलटी झाला की गाव तिकडंच का धावतं?

हायवेला टँकर पलटी झाल्याची बातमी व्हॉट्सॲपवर पडली, की कॅन-बादल्या घेऊन माणसं निघतात. आत गोडेतेल आहे की आणखी काय, हे विचारतो कोण?

25 जून 2017 ला पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे गावकरी पेट्रोल भरायला जमले, भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. लोभी म्हणून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण मजुराच्या घरात दोन लिटर पेट्रोल ही लहान गोष्ट नसते.

आणि जवळ न जाताही जीव जातो. 13 जून 2023 ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याजवळ मिथेनॉलचा टँकर पेटला. पेटतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं, तिथून जाणारे सापडले. या दुर्घटनेत चौघे गेले.

अशा टँकरवर माहितीची पाटी लावणं मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे. तिच्यावर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन नंबर आणि मदतीचा फोन असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन. लांबूनच मोबाईलचा कॅमेरा झूम करून हा नंबर 112 वर सांगितला, तर अग्निशमन दल तयारीनं निघतं. पाटी चिखलानं माखलेली असली तर मात्र सगळंच मुसळ केरात.

एलपीजी आणि क्लोरीन हवेपेक्षा जड. ते ओढ्यात, चारीत, सखल वस्तीत साचतात. म्हणून लवणात लपायचं नाही. टँकरला वळसा घालून वारा येतो त्या बाजूला, उंचावर जायचं. गॅसचा वास असताना गाडीला किक मारायची नाही, बिडी पेटवायची नाही. वारा कुठला, हे उफणणी केलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

खरी अडचण सरकारी आराखड्यात आहे. रासायनिक अपघातांच्या 1996 च्या नियमांत कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आहे. त्याखालच्या स्थानिक गटात सरपंचालाही जागा आहे, दर सहा महिन्यांनी सराव घ्यायचा आहे. पण हे स्थानिक गट कारखान्यांच्या पट्ट्यासाठी. एमआयडीसीपासून चाळीस किलोमीटरवर, ज्याच्या शाळेची भिंत हायवेला लागून आहे, ते गाव त्यात बसतच नाही. टँकर मात्र रोज तिथूनच जातो. त्या गावच्या सरपंचाला जिल्ह्याच्या सरावात बोलवा, एवढा ठराव ग्रामसभा करू शकते. त्याला पैसा लागत नाही.